कडूबाईची नडगी

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर मी स्वतःला यात जरा बरी माणूस दाखवलं असतं.

माझी मावशी मार्था. आईची थोरली बहीण. नर्स होती. लग्न केलं नाही. शेवटची वीस वर्षं ती नगरच्या सावेडीला माझ्याकडेच राहिली. २००४ साली गेली. जायच्या आदल्या आठवड्यात तिनं मला हे सांगितलं.

सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

भिंतीकडे बघत होती.

तारीख तिला पाठ होती. ३ डिसेंबर १९४६, मंगळवार. राहुरी तालुक्यातला मिशनचा एक लहानसा दवाखाना. बारा खाटा, एक डॉक्टर, मागे एक पडवी. आता तो दवाखाना उरलेला नाही, म्हणून गावाचं नाव सांगत नाही.

वेळ दुपारची.

हो, दुपारची. असलं काही रात्रीच होतं असं लोकांना वाटतं. मावशीच्या बाबतीत जे झालं ते सगळं लख्ख उन्हात झालं.

त्या दुपारी देवळाली प्रवराकडून एक बैलगाडी आली. गाडीत उसाच्या पाचटावर एक बाई झोपवलेली. नाव कडूबाई. वय तिशीचं. भरलेल्या उसाच्या गाडीचं चाक तिच्या उजव्या नडगीवरून गेलं होतं. नवरा गोरक्षनाथ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

डॉक्टर शलमोन लढाईच्या काळात फौजेच्या दवाखान्यात काम करून आलेले. त्यांनी पाय पाहिला. नुसती मान हलवली. गुडघ्याखाली कापावा लागणार होता.

कडूबाई रडली नाही. तिनं मावशीचा हात धरला.

"बाई, कापा. पन माझा पाय उकिरड्यावं टाकू नका. माझ्या मालकाच्या हाती द्या. आमच्यात पुरत्यात. त्यो आमच्या रानात पुरल. उद्या मी मेले का मला बी तितंच पुरत्याल. म्हंजी मी अख्खी हुईन."

"देते," मावशी म्हणाली.

"तुमच्या येशूची आन?"

ख्रिस्ती माणसानं शपथ वाहू नये, हे मावशी लहानपणापासून ऐकत आली होती.

तरी ती म्हणाली, "आन."

आता मावशीनं काय केलं ते सांगते.

त्या दवाखान्यात सहा मुली नर्सिंग शिकत होत्या. त्यांना शिकवायचं काम मावशीकडे नवीनच आलं होतं. शिकवायला एक सूक्ष्मदर्शक होता, आणि विलायतेहून आलेल्या काचेच्या पट्ट्यांची एक पेटी. प्रत्येक पट्टीवर शरीराचा एकेक पातळ तुकडा. त्यातली हाडाची पट्टी नोव्हेंबरात मावशीच्या हातून फुटली.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तुकडे विहिरीत टाकले.

लढाई संपली तरी विलायतेहून नवी पेटी अजून मिळत नव्हती. आणि २० डिसेंबरला पुण्याहून एक तपासनीस बाई येणार होत्या. वर्ग नीट चालला तर मावशी कायमची शिक्षिका होणार होती. तपासनीस बाईंनी पेटी उघडली असती, तर हाडाची जागा रिकामी दिसली असती.

अशी पट्टी घरी करता येते. हाडाची पातळ चकती कापायची आणि दगडावर घासत राहायची... कागदाहून पातळ होईपर्यंत. पुस्तकात कृती होती.

फक्त हाड हवं होतं.

शस्त्रक्रिया झाली. पाय गुंडाळून द्यायचं काम मावशीनं आपणहून मागून घेतलं. मागच्या पडवीत गेली. कडी लावली. नडगीचं हाड बाहेर काढलं. मधोमध मोडलेलं, म्हणून दोन तुकडे निघाले.

हाड काढल्यावर पाय लुळा पडला. कुणीही हातात घेतला असता तर समजलं असतं.

चुलीजवळ सरपण रचलेलं होतं. मावशीनं त्यातलं बाभळीचं एक लाकूड उचललं. मापाचं. हाडाच्या जागी घातलं आणि वरून घट्ट पट्ट्या बांधल्या.

गोरक्षनाथ पायरीवर बसला होता. तिनं तो पाय त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांवर घेतला, तान्हं मूल घेतात तसा. कपाळाला लावला.

"लई उपकार झालं, सिस्टरबाई," तो म्हणाला. आणि गाडीत न बसता चालत निघाला.

हे सांगताना मावशीनं स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले. मग म्हणाली, "त्याच्या हातावर सरपण होतं गं."

हाडं तिनं सोड्याच्या पाण्यात उकळली. वाळवली. पांढरीशुभ्र झाली. मोडलेल्या जागी कडा सुरीसारख्या धारदार होत्या. वरचं टोक, जिथं डॉक्टरांची करवत चालली होती, ते सपाट. तिथूनच तिनं एक चकती कापली.

१७ डिसेंबरला दुपारी, सगळे जेवून पडले असताना, ती पडवीत धार लावायचा दगड घेऊन बसली. दगडावर पाणी टाकलं. चकती बोटाखाली धरली.

खर्र... खर्र... खर्र...

आणि आतून ओरडणं ऐकू आलं.

ती धावत गेली. कडूबाई खाटेवर उठून बसली होती. घामानं भिजलेली. जिथं पाय नव्हता तिथं चादर चाचपत होती.

"बाई, माझा पाय कोन घासतंय? दगडावं घासतंय कोनतरी!"

डॉक्टर शलमोन आले. त्यांनी समजावलं. कापलेला अवयव माणसाला बरेच दिवस जाणवत राहतो. फौजेत त्यांनी असे कितीतरी शिपाई पाहिले होते. नसलेल्या बोटांना खाज सुटते, नसलेली टाच ठणकते. घाबरायचं कारण नाही.

मावशी परत पडवीत आली. बसली.

पुन्हा घासलं. ओरडणं आलं.

थांबली. आत शांत.

घासलं. ओरडणं.

तिनं हे तीनदा करून पाहिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पदराचा बोळा केला, कानात घातला, आणि चकती पुरी केली," मावशी म्हणाली. "दोन दुपारी लागल्या."

तपासणी छान झाली. तपासनीस बाईंनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकी सुरेख काच मी पुण्यातही पाहिली नाही."

मावशीनं मुलींना शिकवलं ते तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. हाड म्हणजे दगड नव्हे. कापलेल्या खोडावर दिसतात तशी त्यात वर्तुळं असतात, एकात एक. मधोमध बारीक नळी, रक्तवाहिनी जायला. वर्तुळांमधून काळे ठिपके दिसतात, कोळ्यासारखे पाय फुटलेले. ती पेशींची घरं. वाळलेल्या हाडात पेशी मेलेल्या असतात. घरं रिकामी असतात, आत हवा भरते, म्हणून काळी दिसतात.

जिवंत हाडात काही पेशी बांधत असतात, काही पोखरत असतात. दिवसरात्र. मोडलं की तिथं आधी कच्ची गाठ धरते, मग ती पक्की होते. त्याला चुना लागतो. तो चुना कुठून तरी यावाच लागतो. खाण्यातून नाही आला, तर शरीर तो आपल्याच दुसऱ्या हाडांतून काढून घेतं.

हे तिनं स्वतःच्या तोंडानं शिकवलं होतं.

नाताळ झाला. पुढच्या सोमवारी मावशीनं सहज ती काच पुन्हा पाहिली.

मधल्या नळीभोवतीचे ठिपके काळे नव्हते...

तिनं सूक्ष्मदर्शकाचा आरसा हलवला. उजेड बदलला. डोळा चोळून पाहिलं.

ठिपके भरलेले होते. घरात कुणीतरी पुन्हा राहायला आलं होतं.

तिनं कपाट उघडलं. मागच्या बाजूला, कापडाखाली, नडगीचे दोन तुकडे ठेवलेले. तिनं मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. धार नव्हती. कड गोल झाली होती... खडबडीत. कच्ची.

त्याच दिवशी कडूबाई हसत म्हणाली, "बाई, आता दुखत न्हाई. पाय आतून भरून यायलाय. हाड धरतंय बगा."

मावशीनं तिच्या पायाकडे पाहिलं. गुडघ्याखाली पट्टी होती. त्याखाली खाट.

नऊ दिवसांनी तिनं कपाट उघडलं तेव्हा तुकडे दोन नव्हते.

एकच हाड होतं. मध्ये गाठ. नीट, सरळ सांधलेलं.

आणि त्याच सकाळी कडूबाईनं खाटेवर कूस बदलली...

कट्.

डावा हात कोपराच्या वर मोडला होता. कुणी ओढला नव्हता, कुठे आपटला नव्हता. नुसती कूस बदलली होती. तिसऱ्या दिवशी खोकताना बरगडी गेली. डॉक्टर शलमोन चक्रावले. जखम बरी होत आली होती, ताप नव्हता, दूध-अंडी चालू होती. आणि हाडं पापडासारखी मोडत होती.

"हिचा चुना जातोय कुठं?" ते म्हणाले.

मावशीला माहीत होतं कुठं जातोय.

तिनं मला शपथेवर सांगितलं, की तिला तेव्हाच कळलं होतं. हाड परत द्यायला हवं होतं. पण द्यायचं म्हणजे गोरक्षनाथला बाभळीच्या लाकडाचं सांगायचं. डॉक्टरांना फुटलेल्या काचेचं सांगायचं. कायमची नेमणूक झाल्याचं पत्र येऊन आठच दिवस झाले होते.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं.

असे चार उद्या गेले.

पाचव्या दुपारी कडूबाईनं तिला जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता. "बाई... तुमी माझा पाय मालकाला दिला हुता ना?"

खोली रिकामी होती. फक्त त्या दोघी. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं.

मावशी म्हणाली, "व्हय, कडूबाई. दिला."

कडूबाई समाधानानं मान हलवून पडली. तासाभरात गेली.

गोरक्षनाथ गाडी घेऊन आला. बायकोला घेऊन गेला. मावशी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. मग कपाटाकडे धावली. हाड लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि गाडीच्या मागोमाग चालत निघाली. अडीच कोस. अनवाणी. चपला घालायचं सुचलंच नाही.

ती पोचली तेव्हा लोक माती देऊन परतले होते. रानात गोरक्षनाथ एकटाच होता. नव्या मातीशेजारी बसलेला.

मावशीनं त्याला सगळं सांगितलं. फुटलेली काच, बाभळ, दगड, कानातला बोळा. काहीही लपवलं नाही. पदर सोडून हाड त्याच्यापुढे धरलं.

तो शिव्या देईल, मारील, असं तिला वाटलं. तिला तेच हवं होतं.

तो म्हणाला, "मी दोनी हातांवं न्हेला हुता, बाई. वाटंत कुटं खाली ठिवला न्हाई. पानी प्यायला बी थांबलो न्हाई."

मग त्यानं कुदळ उचलली. बायकोच्या शेजारी, जिथं दीड महिन्यापूर्वी पाय पुरला होता, तिथं उकरायला लागला. वरची माती घट्ट होती. कोल्ह्याकुत्र्यानं हात लावलेला नव्हता.

हातभर खाली पट्ट्या लागल्या.

मावशीनं स्वतः बांधलेल्या. तिची गाठ तिनं ओळखली. वेढे जसेच्या तसे होते. पोटरीचा फुगवटा, घोटा, टाच... सगळा आकार तसाच.

गोरक्षनाथनं वरून हात दाबला.

पट्ट्या चेपल्या.

आत काही नव्हतं.

पाय नव्हता. कुजलेलंही काही नव्हतं. बाभळीचं लाकूडसुद्धा नव्हतं. एक वेढाही सुटला नव्हता. साप कात टाकून जातो, तसं कुणीतरी त्यातून निघून गेलं होतं.

गोरक्षनाथनं पट्ट्या परत खड्ड्यात ठेवल्या. मग त्यानं शेजारच्या मातीवर हात ठेवला.

"न्हेला तिनं," तो म्हणाला. "कडू अख्खी गेली."

आणि मावशीच्या हातातल्या हाडाकडे बघून त्यानं विचारलं,

"मंग ह्ये कुनाचं?"

मावशी म्हणाली, "गोरक्षनाथ, पाया पडते. हे इथं पुरून घे."

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्या रानात न्हाई. कडूचं तिच्याजवळ हाय. ह्ये तुमी वाढीवलं. तुमीच संबाळा."

तो उठला आणि घराकडे गेला. मागे वळून पाहिलं नाही.

ते हाड तू कधी फेकून दिलं नाहीस का? मी विचारलं होतं. ती म्हणाली, दोनदा. एकदा प्रवरेच्या पात्रात. एकदा नगरच्या स्टेशनवर बाकाखाली सोडून आली. दोन्ही वेळा तिला झोप लागेना. कुणाला सापडलं तर? कुणी घरी नेलं तर? दोन्ही वेळा परत गेली. दोन्ही वेळा ते तिथंच होतं.

तिनं ते ट्रंकेत ठेवलं. तिची ट्रंक माझ्याकडे वीस वर्षं होती, आणि मी एकदाही उघडलेली नव्हती.

मावशीची हाडं आयुष्यात अकरा वेळा मोडली. पहिल्यांदा मोडलं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. आम्हाला वाटायचं, नाजूक प्रकृती.

ती गेल्यावर मी ट्रंक उघडली. तळाशी, जुन्या पांढऱ्या साडीत, ते होतं. नगरला माझ्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर आहेत. मावशी नर्सिंग शिकवायची, तिच्या सामानात सापडलं, असं सांगून मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी हौसेनं त्याचा एक्स-रे फोटो काढला. फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "मुलीचं आहे. बारा-तेरा वर्षांची असेल."

मी म्हटलं, "नाही, तिशीतल्या बाईचं आहे. आणि वरून कापलेलं आहे."

"कापलेलं कुठं? हे बघा, गुडघ्याचं टोक पूर्ण आहे. आणि ही रेघ दिसतेय? ही वाढीची रेघ. हाड लांबतं ते इथून. अठराच्या आसपास ही बुजते." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ही अजून उघडी आहे. फक्त... मुलगी फार उंच असली पाहिजे."

मी ते घरी आणलं. पुरावं असं मनात होतं. पण कुठं? कुणाच्या जमिनीत? प्रार्थना करायची तर नाव कुणाचं घ्यायचं? वर्षांवर वर्षं गेली. ट्रंक पलंगाखाली राहिली.

दोन वर्षांपूर्वी कपडे पिळताना माझं मनगट मोडलं. गेल्या वर्षी पायरी उतरताना पायाचं बोट. तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानानं तुमची हाडं फारच पोकळ झाली आहेत, गोळ्या घ्या.

मी गोळ्या घेतल्या. त्या रविवारी फूटपट्टी घेऊन पलंगाखालची ट्रंक ओढली. हाड मोजलं. पुढच्या रविवारी पुन्हा मोजलं.

किती ते लिहीत नाही.

माझी धाकटी बहीण दया शिर्डीला असते. तिथं तिच्या नवऱ्याची नोकरी आहे. मोठं घर आहे, माळा आहे. माळ्यावर वर्षानुवर्षं कुणी चढत नाही. मेच्या सुट्टीत मी चार दिवस तिच्याकडे गेले होते. जाताना एक पिशवी जास्तीची नेली होती. येताना ती आणली नाही.

तेव्हापासून माझं अंग हलकं आहे. गुडघे दुखत नाहीत. नवीन तपासणीत आकडे सुधारलेत.

परवा दुपारी दयाचा फोन आला. कणीक मळताना तिचं मनगट मोडलं होतं. नुसती कणीक मळताना. हाताला प्लास्टर घालून बसली होती आणि स्वतःवरच हसत होती.

मग हसू थांबलं. ती म्हणाली, "ताई, एक विचारू? आमच्या माळ्यावरून दुपारी आवाज येतो गं. काहीतरी सरकल्यासारखा... लाकडाला टेकून कुणी पाय लांब करावा, तसा. तू आली होतीस तेव्हा वर काही ठेवलं होतंस का?"

बाहेर लख्ख ऊन होतं. घरात मी एकटीच होते.

मी म्हटलं, "नाही गं, दया. मी कशाला काही ठेवू?"